केसरी कार्डावर धान्य मिळतं का?

प्रश्न: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात सासूबाई, त्या, नवरा आणि दोन मुलं. नवरा बाजार समितीत हमाली करतो, पण पाठीच्या दुखण्यामुळे आता महिन्यातले जेमतेम निम्मे दिवस कामावर जातो. ताई घरी शिलाई करतात. रेशनकार्ड केसरी आहे आणि अजून वारलेल्या सासऱ्यांच्याच नावावर आहे. त्यावर सासूबाई, नवरा आणि पुण्यात कंपनीत नोकरी करणारा दीर अशी नावं आहेत. ताईंचं आणि मुलांचं नाव चढवायचं राहूनच गेलं. दुकानदार म्हणतो, "केसरीवर धान्य नाही." शेजारी मात्र पिवळ्या कार्डावर ३५ किलो आणतात. एका एजंटाने ४,००० रुपयांत पिवळं कार्ड करून द्यायची तयारी दाखवली आहे, शिवाय सासूबाईंचं वेगळं कार्ड काढलं तर आणखी फायदा होईल असंही सुचवलं आहे. दिराचं नाव काढायला सासूबाई तयार नाहीत, आणि नवऱ्याला 'फुकटचं धान्य' नकोच आहे. ताईंचा प्रश्न: आम्ही यात बसतो का, बसलो तर किती मिळेल, आणि एजंटाला पैसे द्यावेत का?

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. एजंटाला एक रुपयाही देऊ नका. का, ते पुढे येईलच.

तुमचं सगळं पत्र कार्डाच्या रंगाभोवती फिरतं, म्हणून तिथूनच सुरुवात करू. पिवळं, केसरी आणि पांढरं ही विभागणी १९९९ सालची. तेव्हा वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळं, त्यापुढे एक लाखापर्यंत केसरी आणि त्याच्या वर पांढरं असं ठरलं. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला आणि महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. या कायद्याला रंग माहीत नाहीत. त्यात दोनच गट आहेत: अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबं, आणि प्राधान्य कुटुंब. राज्यातल्या कितीतरी केसरी कार्डांवर आज 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का आहे आणि त्यांना दर महिन्याला धान्य मिळतं. केसरी कार्ड आहे पण प्राधान्य यादीत नाही, अशांना दुकानदारांच्या भाषेत 'एनपीएच' म्हणतात. तुमच्या दुकानदाराने बहुधा मशीनवर हेच पाहिलं असेल आणि थोडक्यात रंग सांगून मोकळा झाला असेल. तेव्हा त्याला पुन्हा विचारताना "कार्ड एनपीएच आहे की पीएचएच (म्हणजे प्राधान्य कुटुंब)?" असं विचारा, आणि कार्डाचा बारा अंकी आरसी नंबर लिहून घ्या. तहसीलच्या पुरवठा शाखेतही तो मिळतो, 'मेरा राशन' ॲपवरही दिसतो. यापुढची सगळी कामं त्या नंबरावर होतात. हातातल्या पुस्तकात काय लिहिलंय याला त्यापुढे फारशी किंमत नाही.

आता पात्रतेचं. प्राधान्य कुटुंबासाठी महाराष्ट्राने ठरवलेली मर्यादा ग्रामीण भागात वार्षिक ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये आहे. महिन्यावर आणलं तर साधारण ३,६६७ आणि ४,९१७. आजच्या मजुरीच्या मानाने हे आकडे फारच तोकडे आहेत, आणि त्यामुळेच काठावरच्या घरांची खरी अडचण होते. पण मर्यादा आहे ती ही आहे, आणि तुमचा हिशोब तिच्यासमोरच मांडावा लागेल.

तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरून: हंगामाचे आठ महिने नवऱ्याला सरासरी ४,००० धरले तर ३२,०००. उरलेले चार महिने काम जवळजवळ बंद, महिना १,००० प्रमाणे ४,०००. तुमची शिलाई महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. एकूण ५४,०००. म्हणजे तुमचं गाव शहरी धरलं असेल तर तुम्ही मर्यादेच्या आत आहात, ग्रामीण धरलं असेल तर बाहेर. तुमच्या गावची नगरपंचायत होऊन फार वर्षं झालेली नाहीत असं तुम्ही लिहिलंय. म्हणून पुरवठा शाखेत पहिला प्रश्न हाच विचारा की, आमचं गाव तुमच्याकडे ग्रामीण इष्टांकात आहे की शहरी? कारकुनाला प्रश्न कळेल. 'इष्टांक' म्हणजे त्या गावात, तालुक्यात किती माणसांना लाभ द्यायचा याची ठरवून दिलेली संख्या. तिच्याकडे आपण परत येऊ.

हिशोब करताना लोक दोन ठिकाणी चुकतात. काही जण चांगल्या महिन्याची कमाई गुणिले बारा करतात आणि स्वतःलाच अपात्र ठरवतात. तुम्हीही पत्रात "महिन्याला साडेपाच हजार येतात" असं लिहिलंय, त्याचे वर्षाला ६६,००० होतात. पण तो हंगामातला महिना आहे. उलट काही जण एजंटाच्या सांगण्यावरून सरसकट कमी आकडा टाकून मोकळे होतात. उत्पन्नाबाबत तुम्ही हमीपत्रावर सही करता. पुढे पडताळणीत ते खोटं निघालं तर कार्ड रद्द होतं, आणि उचललेल्या धान्याची वसुलीही अंगावर येऊ शकते. तुमचा खरा आकडा काठावर असला तरी तुमच्या बाजूने आहे. मग खोटा कशाला द्यायचा? वहीत बारा महिन्यांचा अंदाज मांडा आणि तलाठ्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जाताना ती वही घेऊन जा. पाठीच्या उपचारांचे कागद असतील तर तेही बरोबर ठेवा, नवऱ्याचे कामाचे दिवस का घटले ते त्यातून दिसतं.

पण या ५४,००० मध्ये आपण दिराचा पगार धरलेला नाही, आणि खरी गाठ तिथेच आहे. कार्डावर ज्यांची नावं आहेत ते एक कुटुंब, आणि उत्पन्न कुटुंबाचं मोजतात. दिराचे महिन्याचे १५,००० म्हणजे वर्षाला १,८०,०००. ते मिळवले की तुम्ही प्राधान्य यादीतून तर जाताच, शिवाय एक लाखाची रेघ ओलांडल्यामुळे केसरी कार्डालाही धोका. म्हणजे जो माणूस या घरात जेवत नाही आणि ज्याचा पगार या घरात येत नाही, त्याच्या नावापायी पाच जणांचं धान्य अडलं आहे.

सासूबाई नाव काढायला का नाही म्हणतात, याचा थोडा विचार करा. तुम्ही त्याला हट्ट म्हटलंय. बहुतेक घरांत यामागे वेगळीच भीती असते: कार्डावरून नाव गेलं म्हणजे मुलगा घरातून गेला, उद्या घरावरचा त्याचा हक्कही गेला. असं काही होत नाही. शिधापत्रिका हा मालकीचा पुरावा नाही, वारसाचा नाही, रहिवासाचा म्हणूनही ती धरत नाहीत. घराचा उतारा वेगळा, वारसनोंद वेगळी. कार्डाचा संबंध फक्त कोण कोणत्या चुलीवर जेवतं एवढ्याशीच. दिराला समजावताना त्याचाही फायदा सांगा. त्याला पुण्यात स्वतःचं कार्ड काढायचं झालं, लग्नानंतर बायकोचं नाव घालायचं झालं, तर इथलं नाव कमी केल्याचा दाखला लागणारच आहे. तो आजच घेतला तर पुढची फेरी वाचेल. त्याच्याशी बोलणं मात्र नवऱ्याने किंवा सासूबाईंनी करावं, वहिनीने विषय काढला की त्याला दुसराच वास येतो.

मात्र एका गोष्टीची खात्री करून घ्या. दीर दर महिन्याला घरी ठरावीक रक्कम पाठवत असेल आणि घर त्यावर चालत असेल, तर कागदावर वेगळं होणं हा देखावा ठरेल, आणि पडताळणीला आलेला माणूस शेजाऱ्यांना विचारतो. सणाला आईला साडी आणणं वेगळं, महिन्याचा किराणा भरणं वेगळं.

हाच प्रश्न सासूबाईंच्या वेगळ्या कार्डालाही लागू होतो. एजंट ते का सुचवतो, ते आकड्यांवरून कळेल. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. अंत्योदय कार्डाला माणसं कितीही असोत, कार्डामागे ३५ किलो. एकटी राहणारी, उत्पन्नाचं खात्रीचं साधन नसलेली विधवा किंवा वृद्ध व्यक्ती अंत्योदयात बसू शकते. म्हणजे सासूबाई वेगळ्या दाखवल्या तर त्यांचे ३५ आणि तुम्हा चौघांचे २०, मिळून ५५. पण सासूबाई तुमच्याच घरात, तुमच्याच हातचं जेवतात. अंत्योदयाची जागा मोजकी असते. ती अशी गेली की गावातली खरोखर एकटी असलेली म्हातारी बाहेर राहते, आणि पकडलं गेल्यावर दोन्ही कार्डं जातात.

शेजारच्या ३५ किलोंचाही मनाला त्रास करून घेऊ नका. अंत्योदय नेहमीच जास्त असतं असं नाही. सात माणसांच्या घराला दोन्हीकडे ३५ च येतात, आणि आठ जणांच्या प्राधान्य कुटुंबाला ४० किलो मिळतात, म्हणजे अंत्योदयापेक्षा पाच जास्त. तुम्ही पाच जण, तेव्हा तुमचा आकडा २५ किलो. पण पाचही नावं ऑनलाइन चढली आणि आधारशी जुळली तरच. आजच्या कार्डावर, दीर वगळला आणि सासरे गेले हे धरलं, तर दोनच नावं उरतात. उद्या हे कार्ड जसंच्या तसं प्राधान्य यादीत गेलं तरी १० किलोच हाती येतील. त्यामुळे पात्रतेच्या आधी नावांचं काम.

त्याचा क्रम असा ठेवा. सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला जोडून त्यांचं नाव कमी करायचं आणि त्याच वेळी कुटुंबप्रमुख बदलायचा. कायद्यानुसार अठरा वर्षांवरील सगळ्यात मोठी स्त्री ही कुटुंबप्रमुख, म्हणजे तुमच्याकडे सासूबाई. (हे ऐकल्यावर त्यांचा विरोध निम्मा मावळला तर नवल नाही.) नाव कमी करायला नमुना ९, नाव वाढवायला नमुना ८. मुलांसाठी जन्मदाखला आणि आधार. तुमच्यासाठी मात्र आधी माहेरी फोन करावा लागेल. तुमचं नाव माहेरच्या कार्डावर अजून असेल, तर तुमचा आधार नंबर तिथे अडकलेला आहे, आणि इथे तो टाकला की 'आधार आधीच नोंदलेला आहे' असं सांगून अर्ज परत येतो. लग्न होऊन गेलेल्या बायकांचे अर्ज सर्वांत जास्त इथेच अडतात. माहेरचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर तुमच्या नावाचे पाच किलो ते आजवर उचलत असतील, आणि ते कमी होणार म्हणून थोडी नाराजीही होईल. आईला स्पष्ट सांगा. तिकडून नाव कमी केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय इकडे काही हलणार नाही.

आधारवरच्या नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख कार्डाच्या अर्जाशी जुळवून पाहा. लग्नाआधीचं नाव आधारवर तसंच असेल तर आधी आधार दुरुस्त करा, नाहीतर तेच काम दोनदा करावं लागतं.

नावं स्वच्छ झाली की प्राधान्य यादीत घेण्याचा अर्ज. तालुक्याला तो तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जातो, मुंबईसारख्या ठिकाणी शिधावाटप कार्यालयात. आणि इथे इष्टांक आडवा येतो. संपूर्ण राज्याला या कायद्याखाली सुमारे सात कोटी माणसांची कमाल संख्या ठरवून दिली आहे, आणि ती २०११ च्या जनगणनेवरून काढलेली आहे. तुमच्या गावचा वाटा भरलेला असेल तर तुम्ही शंभर टक्के पात्र असूनही "इष्टांक शिल्लक नाही" हे उत्तर मिळेल. ते खरंही असू शकतं. पण त्याचा अर्थ अर्ज करू नका असा होत नाही. माणसं वारतात, मुली लग्न होऊन जातात, कोणी स्थलांतर करतं, कोणाची ईकेवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) न झाल्याने नावं गळतात, अपात्र कार्डं रद्द होतात. जागा सुटत राहतात, आणि सुटलेल्या जागेवर ज्याचा अर्ज दफ्तरी आहे त्याचाच विचार होतो. म्हणून तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, तिच्यावर तारीख आणि आवक क्रमांक आहे का पाहा. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. तहसीलला दाद लागली नाही तर जिल्हा पुरवठा अधिकारी, त्यापुढे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि शेवटी राज्य अन्न आयोग अशी पायरी कायद्यातच आहे. १९६७ हा मदत क्रमांक आहे, १८००-२२-४९५० हाही आहे. फोन केलात तर तक्रार क्रमांक लिहून घ्या.

आता एजंट. इष्टांक वाढवणं त्याच्या हातात नाही, तहसीलदारांच्याही नाही. त्यामुळे ४,००० रुपयांत तो बहुधा दोनपैकी एक गोष्ट करेल. तुमच्या नावे खोटा उत्पन्नाचा कागद जोडेल, ज्याखाली सही तुमची असेल. नाहीतर पिवळं पुस्तक आणून देईल ज्याची ऑनलाइन नोंदच नसेल. दुकानात मशीनवर बारा अंकी नंबर टाकला की 'नोंद आढळली नाही', आणि एजंटाचा फोन बंद. ऑनलाइन अर्ज स्वतः करता येतो, जमत नसेल तर सेवा केंद्रातून करून घ्या आणि पावती मागा.

यादीत नाव आलं तरी त्याच दिवशी धान्य मिळेल असं समजू नका. दुकानाला दर महिन्याचं नियतन, म्हणजे धान्याचा कोटा, आधीच्या आकड्यांवर मंजूर झालेलं असतं, त्यामुळे पहिलं धान्य पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या महिन्यात दिसतं. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, आणि २०२४ च्या जानेवारीपासून ही सवलत पाच वर्षांसाठी वाढवलेली आहे. त्याआधी तांदूळ ३, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया किलो होतं. तेव्हा आज कोणी 'हमाली', 'गाडीभाडं' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, दुकानदाराला त्याचं कमिशन सरकारकडून मिळतं. गहू किती आणि तांदूळ किती हे महिन्यागणिक बदलतं, बेरीज मात्र माणशी ५ किलोच असायला हवी. मशीनमधून पावती निघते. ती मागून घ्या आणि पावतीवरचा आकडा व पिशवीतलं वजन दुकानातच ताडून पाहा. पावतीवर २५ आणि पिशवीत २३ असा प्रकार घरी आल्यावर सिद्ध करता येत नाही.

दर माणसाची ईकेवायसी दर पाच वर्षांनी करून घ्यावी लागते. ती कोणत्याही रेशन दुकानात होते, चेहरा दाखवून मोबाइलवरही होते. शिलाईने किंवा हमालीने बोटांचे ठसे झिजलेले असतील तर अंगठा पहिल्या झटक्यात लागत नाही. मग दुसरं बोट, तेही नाही तर डोळ्याचं स्कॅनर किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी. म्हणून सासूबाईंच्या आधारला चालू मोबाइल नंबर आहे का ते आजच पाहा. अंगठा जुळत नाही एवढ्याच कारणावर धान्य नाकारायचं नाही, असे केंद्राचे निर्देश २०१७ पासून आहेत. नवरा कामासाठी दुसऱ्या गावी गेला तर त्याचं नाव काढू नका. देशात कुठल्याही रेशन दुकानात त्याच कार्डावर धान्य घेता येतं, त्याने तिकडे त्याचा वाटा घेतला तरी उरलेलं तुम्हाला इकडे मिळतं. फक्त धान्य उचलण्यात मोठा खंड पडू देऊ नका. सलग सहा महिने न वापरलेलं कार्ड तात्पुरतं बंद करून पडताळणीला लावायचं, असा नियम २०२५ मध्ये आला आहे.

मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा इथल्या केसरी कार्डधारक शेतकरी वाचकांसाठी थोडं वेगळं: या चौदा जिल्ह्यांत प्राधान्य यादीत नसलेल्या शेतकरी कुटुंबांना जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये बँक खात्यात मिळू लागले, पुढे ते १७० झाले. त्यासाठी महिला कुटुंबप्रमुखाचं आधारशी जोडलेलं खातं लागतं.

राहता राहिला तुमच्या नवऱ्याचा 'फुकटचं नको'. सधन कार्डधारकांसाठी शासनाने 'अनुदानातून बाहेर पडा' अशी सोय ठेवली आहे, आणि गरज नसलेल्या माणसाने असं म्हणणं शोभूनही दिसतं. तुमच्या घरी पाच माणसांना महिन्याला धान्य विकत घ्यावं लागतं आणि कमावणारा निम्मे दिवस पाठ धरून बसतो. त्यांना वाद घालून पटवू नका, वही दाखवा. २५ किलो गहू-तांदळाला दर महिन्याला किराणा दुकानात किती जातात, तो आकडा त्यांनाच लिहायला सांगा. आणि अर्जासोबतच्या हमीपत्रासाठी ज्या दिवशी सासूबाईंना तहसीलला न्याल, त्या दिवशी नवऱ्यालाही बरोबर घ्या. वाटेत रेशन दुकानात त्यांची ईकेवायसीही उरकली तर तेवढीच एक फेरी वाचेल.